शनिवारचं बंद दार

त्या शनिवारी सकाळी मी एझ्रा सरांच्या दारात उभा होतो. एरवी उघडं असणारं दार बंद, फोन बंद. मनात म्हटलं, आज त्यांचा शब्बाथ, कायले त्रास द्या... आणि बाजारात निघून गेलो. रविवारी घरमालकानं दार तोडलं. डॉक्टर म्हणाले, काल दुपारपर्यंत जीव असावा. दीड महिना झाला, पण ते वाक्य डोक्यातून जात नाही.

सर कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. गणित शिकवायला मारेगावात आले आणि रिटायर झाल्यावरही आमच्या शेजारी एकटेच राहिले. शनिवार म्हणजे शब्बाथ, त्यांच्या धर्मात विश्रांतीचा दिवस. त्या दिवशी ते गॅस पेटवत नसत, स्कूटरला हात लावत नसत. अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. म्हणूनच तीन वर्षांपूर्वी घरामागच्या वावरात माझ्या याडीला, आईला, साप चावला, तेव्हा शनिवार आठवून मी त्यांना हाक मारलीच नाही. ऑटोसाठी चौकापर्यंत पळालो. ऑटो मिळाला नाही. धावत परत आलो तर सर स्कूटर सुरू करून बसलेले, मागे याडी, तिच्या पापण्या मिटायला लागलेल्या.

"मला का नाही बोलावलंस?"

"सर, आज शनिवार न तुमचा. नेम कसा मोडाव म्हटलं..."

"अरे, जीव जात असताना असा विचार करत बसणं म्हणजे तो जीव घेणं, असं आमच्यात मानतात. बस मागे, तिला घट्ट धर."

दवाखान्यापर्यंत मी याडीला हाका मारत राहिलो. तिचं 'हूं' उशिरा आलं की मी आणखी मोठ्यानं हाक मारायचो. ती वाचली. सर मात्र आठवडाभर माझ्याशी नीट बोलले नाहीत. रोज संध्याकाळी येऊन तिच्या खाटेजवळ बसायचे, तिची विचारपूस करायचे आणि जायचे. एकदा जाताना एवढंच म्हणाले, "माणूस संकटात असेल असं वाटलं, तर दारावरून पुढे जायचं नाही. आत जायचं."

एवढं ऐकूनही मी पुढे गेलो. माझा आळस नव्हता हो तो, आदरच होता. पण त्याचा काय उपयोग?

दफनासाठी त्यांचा भाचा दानिएल अलिबागहून आला. त्यानं विचारलं, "शनिवारी तुम्ही कुठे होतात, काका?" मी घाबरलो. यवतमाळले गेलतो म्हणालो. त्यानं माझे हात धरले. "तुमच्यासारखा शेजारी होता, म्हणून आम्ही निर्धास्त होतो," म्हणाला. तेव्हापासून त्याचा फोन वाजला की मी उचलत नाही. वर्तमानपत्राची ही पुरवणी त्याच्या घरी येते, हे मला माहीत आहे, म्हणूनच इथे लिहितोय.

दानिएल, मी यवतमाळला नव्हतो. दारातच होतो. वाजवलं नाही.