बंद ठेवलेली मोटरसायकल

आमच्या पुसदच्या गल्लीतला हा मेकॅनिक माणसांशी कमी आणि गाड्यांशी जास्त बोलतो. अपघातानंतर माझे मिस्टर नागपूरला बेशुद्ध होते, तेव्हा त्यांची दुसरी मोटरसायकल बंद करून ठेवायला मी त्याला बोलावलं. त्यानं बॅटरी काढली, इंजिनात तेल सोडलं, उंदीर शिरू नयेत म्हणून सायलेन्सरमध्ये चिंध्यांचा बोळा कोंबला.

"एवढं कायले करता, दादा? आता कोण चालवणार?" मी म्हटलं.

"भाऊ येतीन ना, वहिनी," वर न बघता तो म्हणाला.

नंतर तो न बोलावता यायचा, टायर एका जागी दबू नयेत म्हणून चाकं फिरवून जायचा. मी दारातून बघत राहायचे. एवढी खात्री मला डॉक्टरांनीही दिली नव्हती.

मिस्टर काठी टेकत घरी आले, त्या दिवशी त्यानं बॅटरी जोडली, सायलेन्सरमधला बोळा काढला, गाडी चालू केली आणि त्यांचा हात धरून मुठीवर ठेवला.

"रेस तुमी द्या, भाऊ."