साडूंचं भुलीचं औषध

आमच्या साडूंइतका बोलणारा माणूस अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात नाही, आणि त्यांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलेला माणूसही नाही. कारण ते भूलतज्ज्ञ आहेत. टेबलावरच्या पेशंटला ते राधानगरीच्या धरणाची गोष्ट सांगायला घेतात आणि धरणाचे दरवाजे उघडायच्या आत पेशंट गुडूप. "सर्जनला पेढं, आणि आमचं तोंडबी कुणाच्या ध्यानात न्हाय!" ही त्यांची कायमची तक्रार. धंद्याच्या सवयीने माणूस त्यांना दिसतो तो गळ्यापासून. माझ्या पुतण्यासाठी मुलगी बघायला गेलो, तर पोहे पुढे आल्याबरोबर साडू मुलीला म्हणाले, "ताई, जरा आ करा बघू. मान मागं." मुलीचे वडील ताडकन उभे राहिले. साडू मात्र खूश. "भूल देताना श्वासाची नळी घालायला एक नंबर गळा हाय! होय म्हणून टाका!" तरीही लग्न जमलं, हे त्या मंडळींचं मोठेपण. घरी आलेल्या पाहुण्यालाही चहाआधी त्यांचा प्रश्न ठरलेला, "शेवटचं कधी खाल्लंय?" पाहुणा बिचारा ताटाची वाट बघत बसतो.

गेल्या वर्षी मात्र साडूंना एका औषधाने झपाटलं. केटामाइन! भुलीचं जुनंच औषध. पण अगदी थोड्या मात्रेत, सावकाश सलाईनमधून दिलं, तर ठाण मांडून बसलेली वेदना आणि कुठल्याच गोळीला दाद न देणारी उदासी, दोन्ही काही जणांच्या बाबतीत मागे हटतात, हे त्यांनी दूधवाल्याला सांगितलं, रिक्षावाल्याला सांगितलं, जोतिबाच्या पायऱ्यांवर नारळवाल्यालाही सांगितलं. तो म्हणाला, "मग घरातच घेतलं तर?" साडू असे ओरडले की वर चढणारे भाविक थबकले. "घरात? त्यापेक्षा ह्यो नारळ डोक्यात घालून घे! दवाखान्यात, मशीन लावून, डॉक्टर उशाला बसवूनच घ्यायचं!"

हा सगळा उत्साह आम्हा दोघांच्या सासूबाईंसाठी होता. कोडोलीला असतात, आम्ही जावई त्यांना मामी म्हणतो. त्यांना नागीण झाली, फोड वाळले, पण बरगडीवरची आग तशीच राहिली. पदर लागला तरी जीव कळवळायचा. आधी साडी नेसणं सुटलं, मग दारात बसणं सुटलं, मग बोलणं. सगळी औषधं करून झाली. एकदा मला म्हणाल्या, "पावणं, आता उजाडूच नये वाटतंय." मी हादरलो आणि तडक साडूंना फोन लावला.

मानसोपचारतज्ज्ञांनी तपासलं, तेही हो म्हणाले, आणि दवाखान्यात केटामाइनचं सलाईन लागलं. साडू उशाशी, मी पायथ्याशी. थोड्या वेळाने औषधाच्या तंद्रीत मामी डोळे मिटूनच म्हणाल्या, "मी लई वर हाय. खाली आपली कोडोली दिसतीया. ऊस केवढा वाढलाय!"

साडू स्टुलावरून उडालेच. "ऐकलंसा? पेशंट बोलतोय! माझ्याशी बोलतोय!"

"गप बसा की, पावणं. बघू द्या मला."

आणखी काही सलाईनं झाली. मग एका सकाळी आम्ही कोडोलीला गेलो, तर मामी आतल्या खोलीतून बाहेर आल्या त्या जांभळी साडी नेसून, पदर चांगला खांद्यावरून घेऊन. मी भान विसरून टाळ्या पिटल्या. साडू नाचायचेच काय ते बाकी होते. पण दोन उड्या मारून ते एकदम खाली बसले आणि त्यांचा आवाज उतरला.

"मामी, खरं सांगतो. हे किती दिस टिकंल, माझ्या हातात न्हाय. आग परत यील. परत सलाईन लावावं लागंल. तवा लागू पडंलच असंबी न्हाय."

मामींनी पदर कमरेला खोचला. "यील तवा बघू. तवर नेसते की," म्हणाल्या आणि दारात जाऊन बसल्या.

आम्ही दोघे जावई आतच बसून राहिलो. त्या बाहेर शेजारणीशी मोठमोठ्याने बोलत होत्या. ते आणखी किती दिवस ऐकायला मिळेल हे आम्हाला ठाऊक नव्हतं, म्हणून साडूसुद्धा गप्प राहून ऐकत होते.