मंदाबाई थंडीत लपल्या तो दिवस

उत्तनच्या रस्त्यावरून आत वळलं की कोळंबी सोलण्याची एक शेड आहे. वर पत्रा, खाली स्टीलची लांब टेबलं, टेबलावर बर्फ आणि बर्फावर माल. मागच्या भिंतीला लागून कोल्ड स्टोरेजची खोली. तिथल्या बायका तिला नुसतं 'थंडी' म्हणतात. माल थंडीत टाक, थंडीचं दार बघ, असं.

मंदाबाई दर हंगामाला इथे येतात. गाव माणगावच्या आतलं. नारळी पौर्णिमा झाली, बोटी समुद्रात गेल्या की त्या खारी गावात भाड्याची खोली घेतात आणि पावसाआधी परत शेतावर जातात. नवरा रामू काशीमीऱ्याला एका गॅरेजवर राखण करतो. मुलगी संजना आईच्याच टेबलावर, समोर उभी असते. मंदाबाईंचा हात भरभर चालतो. डोकं मुरगळायचं, साल ओढायची, पाठीतला काळा धागा नखाने काढायचा. हात चालू असताना त्या बोलत नाहीत. बोलण्याचं खातं शेजारच्या शालूकडे.

मी मत्स्यप्रक्रियेचा डिप्लोमा करून एका संस्थेच्या कामाला लागले होते. किनाऱ्यावरच्या अशा शेडमध्ये जायचं, हंगामी कामगार कुठून येतात, कसे राहतात ते विचारायचं. जानेवारीतल्या एका सकाळी मी या शेडवर पोचले. त्या दिवसाचं थोडं मी पाहिलं, बाकीचं मला मायलेकींनी नंतर सांगितलं.

सुपरवायझर शशिकांतने दारातूनच आवाज दिला, "सर्वेवाले आलेत, टोप्या घाला." केस झाकून घ्या, एवढंच त्याला म्हणायचं होतं. मंदाबाईंनी फक्त पहिला शब्द ऐकला.

काही वर्षांपूर्वी त्या खाडीच्या कडेला झोपडीत राहायच्या. तेव्हा दोन तरुण आले होते. गोड बोलत होते. नुसता सर्वे आहे, घाबरू नका, म्हणाले. घरात कोण कोण राहतं ते विचारून त्यांनी दारावर रंगाने आकडा टाकला. मंदाबाईंनी त्यांना चहा पाजला. थोड्याच दिवसांत जेसीबी आला आणि आकडे टाकलेल्या झोपड्या पाडून गेला. ज्यांच्या दाराला सर्वेच्या दिवशी कुलूप होतं त्यांच्यावर आकडा नव्हता, त्या उभ्या राहिल्या. मंदाबाईंनी त्यातून एकच गोष्ट मनात पक्की केली: सर्वेवाल्याला माणूस सापडला की घर गेलं.

त्यांनी भरलेला टब उचलला आणि माल ठेवायला चालल्यासारख्या थंडीत शिरल्या. त्या दाराची आतली मूठ कधीची बिघडलेली. म्हणून आत जाणारी बाई दारात काहीतरी अडकवून जाते. मंदाबाईंनीही टब अडकवला आणि खोक्यांच्या थप्पीमागे जाऊन बसल्या.

हमाल नाथाला थंडीचं दार किलकिलं दिसलं. बाहेरचे लोक पाहणीला आलेले, त्यात दार उघडं, म्हणजे शशिकांतच्या शिव्या. आत कुणी आहे का ते न बघताच त्याने घाईत टब आत सरकवला आणि दार नीट लावून घेतलं.

इकडे मी टेबलाशी उभी होते. संजनाला विचारलं, तुझ्याबरोबर घरातलं आणखी कुणी काम करतं का. ती म्हणाली, आई करायची, पण ती गावाला गेलीय. तिला वाटत होतं, आई मागच्या दाराने खाडीकडे सटकली असणार. ही सर्वेवाली लवकर टळली म्हणजे बरं. टेबलावरच्या सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. शालूने वर विचारलं, "मॅडम, कोळंबीचं पण आधार कार्ड काढणार काय?" सगळ्या हसल्या. मीही हसले आणि पिण्याच्या पाण्याबद्दल विचारायला लागले.

आत मंदाबाई गुडघे पोटाशी घेऊन बसल्या होत्या. दार लागलेलं त्यांना कळलं होतं. तेव्हाच थाप मारली असती तर नाथाने ऐकलं असतं. पण बाहेर सर्वेवाले होते. थोडा वेळ काढू, ते जातील, असं त्या स्वतःला सांगत राहिल्या. डोक्यावर पंखे घरघरत होते. आधी पायांची बोटं गेली, मग ओठ. जीव जाईल असं वाटलं तेव्हा त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या, पण मुठी वळेनात. तळहात आपटले तर आवाजच होईना.

माझे प्रश्न संपेनात म्हणून संजना हात धुवायला म्हणून दाराकडे गेली. काच मालात पडू नये म्हणून इथे बायका कामाला लागण्याआधी बांगड्या उतरवतात आणि दारामागच्या खिळ्यांना अडकवतात. पण बाहेर जायचं, अगदी चहाला जरी, तर आधी बांगड्या भरायच्या आणि मगच उंबरा ओलांडायचा. नवरा असलेल्या बाईने भुंड्या हातांनी बाहेर पडायचं नाही. याबाबतीत मंदाबाईंइतकं कडक कुणी नव्हतं. एकदा घाईत तशीच बाहेर पडलेल्या शालूला त्यांनी भर रस्त्यातून परत बोलावलं होतं.

खिळ्याला मंदाबाईंच्या हिरव्या बांगड्या तशाच होत्या.

संजना वळली. तिचा चेहरा बघून माझा प्रश्न अर्धाच राहिला. "आई बाहेर गेलीच नाय," ती म्हणाली आणि थंडीकडे धावली.

दार उघडलं तेव्हा मंदाबाई दाराला टेकूनच होत्या, त्या संजनाच्या अंगावरच आल्या. ओठ काळेनिळे, भुवयांवर पांढरं. आम्ही त्यांना उन्हात आणलं, ओले कपडे काढून गोणपाटात आणि शालूच्या साडीत गुंडाळलं. नाथा बाजूला उभा राहून मीच लावलं, मीच लावलं, एवढंच म्हणत होता. शशिकांत डॉक्टरला आणायला पळाला. मी त्यांचे पाय मांडीवर घेऊन बसले होते. बऱ्याच वेळाने त्यांचे दात वाजायला लागले आणि संजना रडायला लागली.

मंदाबाईंनी डोळे उघडले. "गेले का ते?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मग शालू म्हणाली, "मंदाताई, ह्याच त्या."

त्यांनी पाय ओढून घेतले. मी सांगितलं की मी घरं पाडणाऱ्यांची नाही, मला फक्त कामाची माहिती हवी होती, आणि आता तीही नको.

"मागले पण असंच बोलले व्हते," त्या म्हणाल्या. "पोरं चांगली व्हती."

डॉक्टरने तपासलं, आज काम नाही असं बजावलं. संजनाने रिक्षा केली. वाटेभर मंदाबाई रिक्षावाल्याला भैया जल्दी, भैया जल्दी करत होत्या. खारीतली खोली जागेवर होती. त्यांनी दारावरून हात फिरवला, चौकटही बघितली. कुठेही रंग नव्हता. मग त्या आत जाऊन गोधडीत शिरल्या आणि संजनाला म्हणाल्या, "तू भायेर जा. कुलूप घाल. मी आवाज न्हाय करायची."

संजनाने कुलूप हातात घेतलं. आई आत भिंतीकडे तोंड करून पडली होती, अजून थरथरत होती. संजनाने दार ओढून घेतलं नाही. उंबऱ्यावर बसली आणि गल्लीतून येणाऱ्या प्रत्येक अनोळखी माणसाकडे बघत राहिली.