आकडा खरा म्हणणारा एकटा माणूस

फोन आला तेव्हा मी भाजीवाल्याशी भांडत होते. वांगी किडकी होती आणि तो मला पटवत होता की किडकी नाहीत, गावठी आहेत. फोनवर टॅक्सी स्टँडचा शब्बीर होता. "मास्टरनी दीदी... सरकार नहीं रहे," एवढंच बोलला आणि त्यानं फोन ठेवला. सरकार म्हणजे माझे भाऊजी, सुखदेव रामटेके. सकाळी जीपची काच पुसता पुसता त्यांना दम लागला, "जरा बसतो" म्हणून ते स्टिअरिंगमागे बसले, आणि उठलेच नाहीत. त्या दिवशी बालाघाटहून उकव्याला एकही टॅक्सी सुटली नाही. स्टँडवर खोळंबलेली माणसं आधी कुरकुरली, मग कारण कळलं तशी एकेक करून गुपचूप बसकडे गेली. आता महिना उलटून गेला. एका टॅक्सीवाल्याला सगळं गाव सरकार का म्हणायचं, हे लिहिल्याशिवाय मला काही चैन पडायचं नाही, म्हणून बसले आहे लिहायला.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, कमलताईचे यजमान. त्यांची जुनी जीप भरवेलीवरून उकव्यापर्यंत जायची. दहा माणसांची गाडी. तिच्यात प्रत्यक्षात किती बसत हे मी लिहीत नाही, कारण आरटीओवालेही पेपराची पुरवणी वाचतात. मी त्यांची साळी, म्हणजे मेहुणी, त्यातून शाळामास्तरीण, त्यामुळे त्यांना टोमणे मारायचा माझा दुहेरी हक्क होता आणि तो मी पुरेपूर वापरला. सगळ्यात जास्त भांडण त्यांच्या चाबीवरून. घाटातला चढ संपून उतार लागला रे लागला की त्यांचा हात आपोआप चाबीवर जायचा. इंजिन बंद. गाडी आपल्या वजनानं घरंगळत खालच्या नाल्याच्या पुलापर्यंत जायची, तिथं परत चाबी. तेवढंच डिझेल वाचलं. "भाऊजी, मारता का आमाले?" मी मागून ओरडायची. ते म्हणायचे, "अवं मास्तरीण, उतार फुकटचा हाये. फुकटच्या रस्त्यावर डिझेल काहून जाळू?" (वाचकांनी हे करू नये. ब्रेक दगा देतात. भाऊजींना दिला नाही, ती त्यांची पुण्याई.) बॅटरी म्हातारी, त्यामुळे पुलाजवळ गाडी बरेचदा सुरूच व्हायची नाही, मग सवाऱ्यांनी उतरून धक्का मारायचा. उकव्याचे रोजचे प्रवासी इतके सरावलेले, की पूल दिसला की काढून ठेवलेल्या चपला न सांगता पायात घालायचे.

भाऊजींची एकुलती एक पोरगी करुणा. तिच्यासाठी उकव्याचं स्थळ आलं. मुलगा मिलिंद तिथल्या खाणीत इलेक्ट्रिशियन, वडील धनराजजी मेश्राम त्याच खाणीतून रिटायर झालेले, पक्कं घर, बोलायला कमी आणि बघायला करडा माणूस. भाऊजी आधीच धास्तावलेले, कारण याआधी एक स्थळ हातचं गेलं होतं. त्या लोकांनी करुणाकडे धड पाहिलंसुद्धा नाही, अंगणातली जीप पाहिली आणि "टॅक्सीवाल्याचं काय, आज हाये उद्या नाही" म्हणून चहा अर्धा सोडून गेले. पोरगी दोन दिवस जेवली नव्हती. भाऊजींच्या मनातून ते कधी गेलं नाही. तर धनराजजी आणि त्यांची मंडळी आली, पोहे झाले, "विचार करून कळवतो" म्हणाले, आणि भाऊजींनी हट्टच धरला की पाहुण्यांना मीच उकव्याला सोडणार. ताईनं मला सोबतीला पाठवलं. "भाऊजी काई-बाई बोलून बसतीन, तू लक्ष ठेव," म्हणे. जशी काही माझ्यानं ती जीभ आवरणार होती!

स्टँडवर एक चष्मेवाला पोरगा गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब घेऊन पुढच्या सीटवर येऊन बसला. टॅक्सीवाल्यांच्या कमाईचा सरकारी सर्वे चालला होता. म्हणाला, रास्ते में ही पूछ लूँगा. घाटाच्या चढावर आमच्या जीपचा असा आवाज, की शेजारी बसलेल्या माणसाचं नाव विचारायलाही घसा फोडावा लागे. नाव, वय, लायसन्स, सगळं ओरडून झालं. मधल्या सीटवर धनराजजी आणि त्यांची बायको, म्हणजे पुढे झालेल्या आमच्या विहीणबाई, मागे मी. चढ संपला, उतार लागला, आणि भाऊजींच्या हातानं सवयीनं चाबी फिरवली. सगळीकडे एकदम सामसूम... आणि त्या सामसुमीत पोरानं अजून ओरडायच्याच सुरात विचारलं, "तो भैया, सब काट-कूट के महीने का हाथ में कितना आता है?"

या प्रश्नाला टॅक्सीवाल्याचं उत्तर ठरलेलं असतं. "बस, चल रहा है." त्यापुढे कुणी कधी जात नाही; कमाई तोंडानं सांगितली की नजर लागते, असं सगळं स्टँड मानतं. पण धनराजजी खिडकीबाहेर बघत असले तरी त्यांचा कान पुढे झाला होता, तो मी मागून बघितला. भाऊजींनी तो आरशातून बघितला. समोर चिटपाखरू नसताना त्यांनी एकदा हॉर्न वाजवला... आणि एक आकडा सांगितला. तो मी इथं लिहीत नाही. लिहिला तर कुणीतरी खरा मानेल. एवढंच सांगते की त्या आकड्यापुढे माझी मास्तरकी लाजून मान खाली घालेल. सर्वेवाल्यानं एकदा फाटक्या सीटकडे पाहिलं, एकदा दोरीनं बांधलेल्या दरवाज्याकडे पाहिलं. "पक्का?" "लिखो," भाऊजी म्हणाले. मला ठसका लागला, तो विहीणबाईंना पाणी विचारायच्या निमित्तानं कसाबसा गिळला.

उकव्याला पोचल्यावर भाऊजी हात धुवायला म्हणून अंगणात गेले आणि शब्बीरला फोन लावून कुजबुजले, "ये सर्वेवाला तुम लोगों के पास भी आएगा. कमी सांगू नका बाप्पा, माझ्या पोरीचा मामला हाये." आता स्टँडवरची माणसं सवाऱ्या भरायच्या नंबरावरून एकमेकांच्या उरावर बसतील, पण पोरीच्या मामल्यात एक. सर्वेवाला आला तेव्हा सगळ्यांनी छातीठोकपणे तोच आकडा सांगितला. शब्बीरनं तर थोडा वाढवूनच. नंतर मी झापलं तर म्हणे, "दीदी, मेरी गाड़ी सुखदेव भाई से नई है. इज़्ज़त का सवाल है." आठवड्याभरात उकव्याहून होकार आला आणि आम्ही सगळे तो सर्वे साफ विसरलो.

काही महिन्यांनी पेपरात बातमी. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालेला, लग्नाची तारीख निघालेली, आणि पहिल्याच पानावर जिल्ह्यातल्या टॅक्सीवाल्यांची सरासरी कमाई! सरकारी आकड्यांवर आमच्या गावाचा भरवसा तसाही बेताचाच. तापमानाचा आकडा आला की लोक घाम पुसत हसतात. पण या आकड्यावर गाव असं हसलं की विचारू नका. न्हाव्याच्या दुकानात वाचन झालं, भरवेलीचे खाणवाले सायकली थांबवून स्टँडवर मुद्दाम टॅक्सीवाल्यांचं दर्शन घ्यायला आले. सवाऱ्या म्हणायला लागल्या, एवढी कमाई हाये तं भाडं कमी करा न भाऊ. आणि घरोघरी तर आगच लागली. शब्बीरच्या बायकोनं ती बातमी कापून कणकेच्या खळीनं स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवली आणि रोज जेवायला वाढताना नुसतं तिकडे बोट दाखवायची. आमची ताईही भाऊजींना विचारून बसली, "घरी येते तेवढं मले माईत हाये. बाकीचं कोठं जाते?" शेवटी मी तिला घाटातली सगळी हकीकत सांगितली. ती पदरानं नाक पुसून म्हणाली, "मंग आता तोच आकडा खरा. कोणाजवळ बोलू नको."

टॅक्सीवाल्यांनी कलेक्टर साहेबांना निवेदन द्यायचं ठरवलं आणि लिहायला मला बोलावलं. शब्बीरनं मुद्दे सांगितले. एक, आकडा झूठा है. दोन, हमने झूठ नहीं बोला. माझ्या अख्ख्या नोकरीत इतका अवघड निबंध मला कुणी दिला नव्हता. मी पेन घेऊन बसलेय तोवर पेपराचा एक बातमीदार पोरगा आला आणि त्यानं सगळ्यांनाच विचारलं, यह आँकड़ा सही है क्या? सगळ्या माना आडव्या हलल्या. भाऊजी एका बाजूला उभे होते. उकव्यात धनराजजी रोज पेपर वाचतात, पहिल्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत, हे त्यांना पक्कं माहीत होतं. ते पुढे आले, शर्टाची कॉलर नीट केली आणि म्हणाले, "बिलकुल सही है. मेरा तो उससे थोड़ा ज़्यादाच है." दुसऱ्या दिवशी फोटोसकट छापून आलं, आणि फोटोत मागे तो दोरीनं बांधलेला दरवाजा स्वच्छ दिसत होता. निवेदन राहिलं ते राहिलंच. सरकारी आकडा खरा म्हणणारा गावात एकटा माणूस, म्हणून त्या दिवसापासून भाऊजी 'सरकार' झाले. स्टँडवरच्या लोकांना खरं माहीत होतं, ते प्रेमानं म्हणत. बाकी गाव खिदळत म्हणे. "सरकार, एवढी कमाई, मंग सीटातली स्प्रिंग काहून टोचते?" कुणी विचारलं तर भाऊजी शांतपणे सांगत, "ॲक्युप्रेशर हाये. त्याचे वेगळे पैसे घेत नाही."

थट्टा सोपी होती, निभावणं कठीण. धनराजजी बालाघाटला यायचे झाले की भाऊजी इस्त्रीचा पांढरा शर्ट चढवणार, सीटवर नवी चादर अंथरणार आणि बाजारातल्या चांगल्या दुकानातून पेढ्यांचा डबा आणणार. धनराजजी मुकाट्यानं पेढे खात, भाऊजी त्यांच्याकडे बघत राहत, आणि ताई माझ्याकडे. लग्न झालं, करुणा सुखात नांदायला लागली, तेव्हा मी एकदा म्हटलं, "भाऊजी, आता तरी खरं सांगून टाका अन् मोकळे व्हा." त्यांनी मला "सुमन" म्हणून हाक मारली. नावानं हाक आली की समजायचं, थट्टा संपली. "सुमन, लग्नाआधी निस्तं स्थळ गेलं असतं. आता तं पोरगी तिथं राह्यते. उद्या कोणी म्हटलं, तुझा बाप लबाड... तं तिनं कोठं पाहावं?" 

भाऊजी गेल्यावर पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीचा, कार्यक्रम आटोपला. ताईला थोडे दिवस लेकीकडे न्यायचं ठरलं. जीप तेव्हापासून दारातच उभी होती. मिलिंदनं ती काढली. पुढे ताई आणि करुणा, मधे धनराजजी आणि विहीणबाई, मागे मी, माझ्या ठरलेल्या स्प्रिंगवर. चढभर इंजिनाच्या आवाजात काहीच ऐकू येत नव्हतं. चढ संपला, उतार लागला. मिलिंद आपला गिअरमध्ये नीट चालवत होता. तेवढ्यात धनराजजी पुढे वाकून म्हणाले, "मिलिंद, चाबी बंद कर."

"बाबा, काहून?"

"तुह्या सासऱ्याची गाडी हाये. इथं ती बंदच चालते."

मिलिंदनं चाबी फिरवली. तीच सामसूम... चाकांखालची खडी तेवढी वाजत होती. ताईनं पदर तोंडाला लावला. करुणा बापाच्या जागेकडे बघत होती. माझं म्हणाल तर मी एरवी जिथं ओरडायची, तिथं आज हुंदका आवरत बसले होते. पुलाजवळ मिलिंदनं चाबी फिरवली आणि गाडीनं नेहमीप्रमाणे नुसतं खाकरून दाखवलं. सगळ्यांनी चपला घातल्या. ताई आणि करुणाला आम्ही आतच बसवून ठेवलं, विहीणबाईंना गुडघ्यांमुळे कडेला उभं केलं, आणि मागून धक्का मारायला राहिलो धनराजजी आणि मी.

"मास्तरीणबाई," ते धापा टाकत म्हणाले, "त्या दिवशी सुखदेव इवायानं आकडा सांगतला, त्याच्या आधी चाबी बंद केल्ली मी आयकली होती. एवढा पैसा ज्याच्या हातात येते, तो उतारावर चाबी कायले बंद करंल?"

मी हात गाडीला लावून तशीच उभी राहिले. "म्हंजे तुमाले... तवापासून?"

"हौ. कान किती लाल झाल्ते त्याईचे! खोटं बोलाची सवय नाही बिचाऱ्याले, अन् पोरीपायी थेट सरकारलेच सांगून राह्यला. घरी जाऊन हिले म्हटलं, पोरगी आणू तं याच घरची."

"अन् इतके दिवस बोलले नाही?"

"कसा बोलू? मले शुगर हाये, तरी दर वेळी पेढे खाल्ले. डबा उघडून असा पाहत राहे तो माणूस माह्या तोंडाकडे..." त्यांनी बाहीनं डोळे पुसले. मीही पुसले, रस्त्यावर, सगळ्यांसमोर, आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही.

तेवढ्यात उकव्याकडून एक मोटारसायकलवाला आला. आमचे दोन म्हातारे जीव बघून थांबला, मोटारसायकल कडेला लावून धक्क्याला आला, आणि मग त्यानं जीप ओळखली. "अरे, ही तं सरकारची टॅक्सी! पेपरात आल्तं न, काय ती कमाई..." तो हसायला लागला. "खरं सांगा काका, होती का तेवढी कमाई?"

धनराजजींनी दोन्ही हात दोरीनं बांधलेल्या दरवाज्याच्या बाजूला टेकले, पाय रोवले आणि म्हणाले, "होती. तेवढ्याहून थोडी जास्तच होती. तू जोर लाव."

त्यानं जोर लावला, आम्हीही लावला, आणि गाडी सुरू झाली.