प्लग हातात आणि लाल दिवा चालू

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. कुणाच्या अंगात आलं की मी उठून भाकरी थापायला जायची. शिक्षण चौथीपर्यंतच, पण आपल्याला दिसतं ते आणि लोक सांगतात ते, यातला फरक मला कळतो. म्हणून दिसलं तेवढंच लिहिते.

आम्ही अंथुर्ण्याचे. आमच्या ह्यांना दोन वर्षांपूर्वी लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. 'हो' म्हणायचं तर डोळे मिटतात, तेवढंच. घास गिळतात तो टीव्ही बघताना – टीव्ही बंद असला की तोंड घट्ट. गेल्या श्रावणात टीव्हीचा बोर्ड जळला. आठ दिवस चमच्याने दूध, तेही निम्मं गळ्यावर ओघळायचं. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. मला ती नळी नको होती.

बारामतीहून शकील नावाचा मेकॅनिक आला. जुना बोर्ड आता मिळत नाही, म्हणून कुठल्याही टीव्हीला चालणारा युनिव्हर्सल बोर्ड त्याने बसवला. मग पेनड्राइव्हमधून त्यात आमच्या पडद्याचं सॉफ्टवेअर घालायचं होतं. त्यासाठी पडद्यामागचा नंबर हवा... आणि तो कुंकवाखाली.

"मावशी, टीव्हीला बी कुकू?"

"दसऱ्याला ट्रॅक्टरला लावतो, मोटरीला लावतो. ह्यानं काय घोडं मारलं?"

"पार मळवट भरलाय की. आबांनी लावलं का?"

"व्हय. अंग धड होतं तवर दर साली ह्येच लावायचे. आता पुस."

थिनरने पुसण्यात अर्धा तास गेला. तोवर माझं पिठलं झालं. उपाशी माणसाकडून काम करून घ्यायचं नाही, अशी आमच्या घरची रीत. त्याला जेवायला बसवलं. चूक तिथं झाली. गावात रोज दुपारी एकला लाईट जाते, दहा मिनिटांनी येते. सगळ्यांना सवय झालीय, कुणी त्याबद्दल बोलत नाही. मीही बोलले नाही.

हात धुऊन त्याने पेनड्राइव्ह लावला. लाल दिवा लुकलुकायला लागला.

"दिवा थांबंपर्यंत हात लावू नका. मधी लाईट गेली तर बोर्ड मेलाच. माझ्याकडं दुसरा न्हाय."

तेव्हा मला एकची आठवण झाली. घड्याळाकडं मान वळवली, तोवर पंखा थांबला.

फ्रीज गप्प झाला. दिवा मात्र लुकलुकत राहिला.

"इन्व्हर्टर हाय का, मावशी?"

"न्हाय."

"मग ह्यो कशावर चाललाय?"

"मेकॅनिक तू का मी?"

लाईट परत येताना बोर्डाला झटका बसतो, म्हणून त्याने प्लगच उपटला. प्लग त्याच्या हातात – आणि दिवा चालू. तो खाली बसला. मी ह्यांच्याकडं बघितलं. नजर दिव्यावर. उजव्या हाताचं एक बोट चादरीवर आपटत होतं, दिव्याच्या तालात. तो हात लकवा मारल्यापासून मीच उचलून ठेवत होते.

चार मिनिटं गेली. भिंतीवरचं घड्याळ सेलवर चालतं, त्यात बघितली. मग दिवा लुकलुकायचा थांबला, विझला. बोटही थांबलं.

लाईट आल्यावर प्लग लावला, तर चित्र स्वच्छ. ह्यांनी दुधात कुस्करून अर्धी भाकरी खाल्ली. नळी टळली.

आठ दिवसांनी शकीलचा फोन आला. त्याने दुकानात तसल्याच बोर्डावर करून बघितलं होतं. प्लग काढला की दिवा जातो.

"कंडेन्सरमधी लाईट राहती, मावशी, पण दोन सेकंद."

बोटाचं डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, नस कधीकधी उडते. दोघांचंही खरं असेल. चार मिनिटांचं मात्र कुणी सांगत नाही, आणि मलाही सांगता येत नाही.

अजून रोज एकला लाईट जाते. टीव्ही बंद पडतो, लाल दिवाही लगेच जातो. मी मुद्दाम बघते. पण ह्यांचं बोट हलायला लागतं, ते लाईट येईपर्यंत थांबत नाही. एकदा विचारलं, "तुमी करताय का हे?" डोळे मिटले नाहीत.

आता मी त्यांना साडेबारालाच जेवू घालते. उपाशी माणसाकडून काम करून घ्यायचं नाही.