देशमाने बेटावर जातात

एका कचेरीत पंधरा-वीस वर्षं बसलं की किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. फायलींवर धूळ बसावी तसे ते आपोआप बसतात. मला रोज डायरी लिहायची सवय, त्यामुळे माझ्याकडे जरा जास्तच साठलेत. कोण काय बोललं, कुठल्या वारी बोललं, सगळं टिपलेलं आहे. त्यातले हे देशमान्यांच्या बेटाचे.

निजामी जाऊन दहाएक वर्षं झाली होती. धाराशिवच्या तहसील कचेरीत तहसीलदारसाहेबांच्या हाताखाली पेशकार माणिकराव, कारकून देशमाने, चपराशी धोंडिबा आणि मी, अशी आमची चौकडी. मला सगळे अण्णा म्हणत. एक गोष्ट आधीच कबूल करून टाकतो. हे किस्से घडत होते तेव्हा मी हसत कमी होतो आणि जळत जास्त होतो!

*

कचेरीच्या आवारात पाऊस मोजायचं यंत्र आहे. धोंडिबा त्याला ‘पावसाची बरणी’ म्हणतो. रोज सकाळी आठ वाजता त्यातलं पाणी काचेच्या मापानं मोजायचं आणि रजिस्टरात आकडा लिहायचा, हे काम दहा वर्षं माझ्याकडे होतं.

त्या चैत्रात मी दोन दिवसांची रजा टाकून सोनारीला भैरवनाथाच्या यात्रेला गेलो. जाताना काचेचं माप देशमान्यांच्या हाती दिलं. नेमकं त्याच दिवशी हवामान खात्याचं पत्र आलं. अरबी समुद्रातल्या एका लांबच्या बेटावर पावसाची नोंद ठेवायला आठ महिन्यांसाठी अनुभवी कारकून पाहिजे होता. साहेबांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. देशमाने बरणी पुसत होते. साहेबांनी देशमान्यांचं नाव कळवून टाकलं!

मी परत आल्यावर तडक साहेबांपुढं उभा राहिलो. थेंब थेंब मोजण्यात माझी उमेद गेली होती. एकदा तरी मोजता येणार नाही एवढं पाणी डोळ्यांनी बघावं, अशी फार इच्छा होती.

“साहेब, पाऊस मी मोजतो. देशमाने नव्हे.”

साहेब शांतपणे म्हणाले, “म्हणूनच तर! तुम्ही गेलात तर इथला कोण मोजील?”

*

मंजुरी आली, तसा बेटाचा शोध सुरू झाला. शेजारच्या शाळेतून भिंतीवरचा नकाशा मागवला. माणिकरावांनी चष्मा पुसला, समुद्रभर पेन्सिल फिरवली आणि एका काळ्या ठिपक्यावर टेकवली.

“हे बघा देशमाने, हे तुमचं बेट.”

देशमान्यांची छाती फुगली. “तसं बारीक दिसतंय, पण असंल मोठं.”

साहेबांच्या खोलीतला कारकूनसुद्धा येऊन ठिपका बघून गेला. मला तो बघवेना. शेवटी धोंडिबा पुढं आला. नीट दिसावं म्हणून त्यानं थुंकी लावून ठिपक्यावर अंगठा घासला.

“अगं आई! पेशकारसाहेब, बेट अंगठ्याला आलं!”

माशीची घाण होती ती. खरं बेट त्या नकाशात नव्हतंच. त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

*

आमच्यापैकी कुणीच समुद्र पाहिलेला नव्हता. अख्ख्या ओळखीत बोटीत बसलेला माणूस एकच, निजामी अमलातले पेन्शनर गफूरसाब. ते हजला जाऊन आले होते. आम्ही चौघं त्यांच्या ओसरीवर जाऊन बसलो. देशमाने वही-पेन्सिल घेऊन आले होते.

“गफूरसाब, समंदर कैसा रहता?”

गफूरसाबांनी दाढीवरून हात फिरवला. देशमान्यांनी पेन्सिल टेकवून ठेवली.

“समंदर? मैं कब देखा! जाते वखत उलट्याँ, आते वखत उलट्याँ. आँखाँ बंदच थे, मियाँ!”

*

मग सामानाची यादी. माणिकराव म्हणाले, “अण्णांचं अक्षर चांगलं, डोकं नीट. यादी अण्णाच करतील.” म्हणजे जायचं त्यानं आणि यादी करायची मी! पण देशमान्यांच्या ओसरीवर बसून केली. काम आलं की ते नीट करायचं, हा माझा स्वभाव.

पहिला प्रश्न भाकरीचा. तिकडं ज्वारी मिळत नाही असं कळलं. कडक भाकरी करून न्यावी, तर दिवसाला तीन या हिशेबानं आठ महिन्यांच्या सातशे वीस भरल्या. देशमान्यांच्या मंडळींनी, पारूबाईंनी, आकडा ऐकला आणि आतून जातं ओढत आणून आमच्यापुढं ठेवलं.

“म्या न्हाय बसायची चुलीम्होरं महिनाभर. ज्वारी न्या, ह्ये जातं न्या, आन् शिका दळायला!”

जातं मला आणि देशमान्यांना मिळूनही उचलेना. माणिकरावांनी तोडगा काढला. “वरची पाळू तेवढी न्या. खालच्या दगडाच्या जागी तिथं खडक असेलच की!”

*

यादीत शेवटचं कलम ‘फावल्या वेळेचा कार्यक्रम’ असं होतं. आठ वाजता पाऊस मोजून झाला की उरलेल्या दिवसाचं काय करायचं? मी वाचन लिहिलं, पत्रलेखन लिहिलं, हार्मोनियम लिहून खोडली. देशमाने म्हणाले, “संध्याकाळी फिरायला कुठं जाऊ? एवढंसं तर बेट.”

“बेटालाच प्रदक्षिणा घाला,” माणिकराव म्हणाले.

“आणि दुसऱ्या दिवशी?”

“उलटी घाला!”

ही यादी मी कार्बन ठेवून केली होती. एक प्रत देशमान्यांना, एक फायलीला. बाजारहाटही मीच करत होतो. आठवड्यानं आमच्या घरी पेटी उघडली गेली आणि बायको बाहेर आली.

“अहो, बेटावर जायचंय देशमान्यांना. मग आपल्या पेटीत हा नवा कंदील, ही ताडपत्री, हे सहा साबण कुणाचे?”

मी म्हणालो, “यादीखाली कार्बन होता.”

ती म्हणाली, “कार्बनकॉपीला बोटीत घेत न्हाईत म्हणावं!”

*

देशमान्यांना पोहता येत नव्हतं. धोंडिबा तामलवाडीचा. तो म्हणाला, “आमच्या गावची बारव लई खोल हाय. आठ दिसांत मासा करतो तुमचा.”

रविवारी आम्ही एस.टी.नं तामलवाडीला गेलो. बारव खोल होतीच, चाळीस पायऱ्या. पण वैशाखात पाणी राहिलं होतं गुडघाभर. तरी देशमाने उतरले. धोंडिबानं त्यांच्या पाठीला दोन वाळके भोपळे बांधले, कमरेला दोर लावला आणि दोर वर माझ्या हातात दिला. देशमाने पाण्यात बसून हात मारू लागले. भोपळे पाठीवर कोरडेच्या कोरडे!

वर गाव जमलं. एक म्हातारी घागर घेऊन काठावर आली.

“काय रं धोंड्या, कुणाचं काय हरवलंय?”

“हरवलं न्हाय, आज्ये. समुद्राची तालीम चाललीया.”

म्हातारी म्हणाली, “आदी माजी घागर भरू दे. मग करा काय ती. समुद्र गढूळ करून ठिवला मेल्यांनी!”

*

त्या दिवसांत जळणारा मी एकटाच नव्हतो. एके दिवशी माणिकराव मला बाजूला घेऊन म्हणाले, “अण्णा, एक अर्ज लिहून द्या. देशमाने काही कारणानं जाऊ शकले नाहीत तर मी तयार आहे. बोलू नका कुणाला.” मी लिहून दिला. दुसऱ्या दिवशी कचेरीची तिजोरी सांभाळणारे नाझर आले, तोच अर्ज, तीच शपथ. तिसऱ्या दिवशी धोंडिबा!

“तुला आकडे कुठं येतात रे?” मी विचारलं.

“आकडं न्हाय येत. पर पानी वळखू येतंय की मला!”

त्याचाही लिहिला. मग हातात टाक होताच, म्हणून एक माझाही लिहिला.

साहेबांनी सगळ्यांसमोर मला आत बोलावलं. टेबलावर चार अर्ज ओळीनं मांडलेले.

“चार माणसं, चार सह्या आणि अक्षर एकच! अण्णा, तुम्ही एकटे किती जणांच्या जागी जाणार आहात?”

*

देशमाने गेले. स्टँडवर आम्ही हार घातला, जात्याची पाळू टपावर चढवली आणि सोलापूरची गाडी हलली.

बेटावर महिन्याला एक बोट. आषाढ सरत आला तेव्हा त्यांचं पहिलं कार्ड आलं. कार्ड म्हणजे उघडंच. माणिकरावांनी कचेरीत मोठ्यानं वाचलं.

‘सर्वांस नमस्कार. इथं चारी बाजूंनी पाणी आणि वरूनही पाणी. काल एका दिवसात सात इंच मोजला. तिकडं काय?’

“सात इंच!” धोंडिबा भिंतीला टेकून बसला. “एका दिसात!”

इकडं रोज दुपारी ढग यायचे, तोंड दाखवायचे आणि निघून जायचे. रजिस्टरात मृग सरल्यापासून बावीस दिवस मी माझ्या हातानं शून्य लिहीत होतो. माणिकराव म्हणाले, “उत्तर अण्णांनी लिहावं. आकड्याचं काम त्यांचं.”

मी कोरं कार्ड घेतलं. दहा वर्षांत एका थेंबाची खोटी नोंद माझ्या हातून झाली नव्हती. मी लिहिलं, ‘आमच्याकडेही उत्तम. परवा एका दिवसात साडेसात इंच.’ आणि स्वतः जाऊन टपालपेटीत टाकलं.

दसऱ्याच्या सुमाराला देशमान्यांचं उत्तर आलं. कचेरी भरलेली होती. साहेबही दारात उभे होते. माणिकरावांनी चष्मा चढवला आणि वाचायला घेतलं.

‘अण्णांस साष्टांग नमस्कार. तुमचं कार्ड पोचलं. साडेसात इंच वाचून आनंद झाला, बेटावर सर्वांना सांगितलं. त्याच बोटीनं आमच्या मंडळींचं पत्र आलं. ती लिहिते, मृगापासून थेंब नाही, आड आटला, हंडाभर पाण्याला दोन कोस जावं लागतं. अण्णा, जरा बाहेर येऊन बघून कळवा. आमचं घर तुमच्या घरापासून तिसरंच आहे ना?’