शेपटाकडून निघालेली फेरी

गाडी शिकवणाऱ्या बाईंना सगळे ब्रेकमावशी म्हणत. शिकवणीच्या गाडीत त्यांच्या पायाशी वेगळा ब्रेक होता आणि काचेवर त्यांच्यापुरता वेगळा आरसा चिकटवलेला होता. पण खरा ब्रेक त्यांच्या गळ्यात होता. "आरसा! अरे आरसा बघ! पुढचं काय, पुढचं बैलालाही दिसतं!" असं त्या ओरडल्या की पलीकडच्या गल्लीतला सायकलवालासुद्धा पाय टेकायचा. त्या स्वतः गाडी शिकल्या नवऱ्याकडून. तो इतका करवादून शिकवायचा, की दुसऱ्या कुणावर ही वेळ येऊ नये म्हणून त्यांनी ड्रायव्हिंग स्कूलच काढलं.

रविवारी मात्र त्या निसर्ग मंडळाच्या फेरीत सगळ्यांच्या मागे चालायच्या. फेरीला एक म्होरक्या लागतो आणि एक शेपूट. म्होरक्या दाखवतो, शेपूट मागे रेंगाळणाऱ्यांना हाकतं. कुणी बुटाची नाडी बांधत बसलेला, कुणी फोनवर "हो हो, अगदी रानात आहे, बोल तू" म्हणत कुंपणाला टेकलेली. ते काम मावशींचं. म्होरके होते मंडळाचे अध्यक्ष, दातांचे डॉक्टर. समोरच्याचं तोंड उघडं ठेवून आपण एकट्यानंच बोलायचं, ही त्यांची जन्माची सवय. पंपघरामागच्या कालव्यावर उभे राहून ते म्हणायचे, "तर मंडळी! काय दिसलं? काही नाही! का नाही? का-र-ण ती पाणकोंबडी आहे, आणि पाणकोंबडी अति-शय लाजाळू!"

मग डॉक्टरांचा गुडघा बिघडला. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत, किडक्या दाढेच्या तक्त्याखाली बैठक बसली.

"गुडघा बरा होईस्तोवर फेऱ्या बंद," डॉक्टर म्हणाले.

"बंद कशाला? मी नेते की."

"मावशी, तुम्ही शेवटी चालता हो."

"म्हणून काय मी वेगळ्या रस्त्यानं जाते?"

खोली हसली. डॉक्टर हसले नाहीत. शेवटी असं ठरलं, की येत्या रविवारी मावशींनी फेरी नेऊन दाखवावी. लोक रमले तर फेऱ्या त्यांच्या. नाही तर कुलूप. आठवडाभर दुसऱ्यांचे गिअर कुरकुरताना ऐकायचे आणि रविवारही घरात काढायचा, ही कल्पनाच मावशींना सोसवेना. त्यांनी डॉक्टरांचं सगळं भाषण, ‘अति-शय’सकट, पाठ केलं. नवऱ्याला समोर बसवून म्हणून दाखवलं. तो म्हणाला, "छान. पण दात दुखायला लागले."

रविवारी नणंदही आली. "वहिनी पुढे चालणार म्हणजे बघायलाच हवं," म्हणाली. डॉक्टर काठी टेकत आले आणि गुडघ्यामुळे आपसूक सगळ्यांच्या मागे पडले.

मावशी निघाल्या. तर मंडळी! काय दिसलं? खरंच काही दिसलं नाही. त्यांनी पाऊल टाकलं की काठावरून डबुक. आणखी एक पाऊल, पुन्हा डबुक. पंपघराच्या भिंतीवरचा सरडा फटीत शिरला. लाल चतुर काठच्या बोरूच्या टोकावरून उडाला तो थेट पलीकडे.

"वहिनी, ते डबुक डबुक कोण गं?"

"बेडूक, वन्सं."

"कुठाय?"

"गेला."

"आणि तो सरडा?"

"तोही गेला."

"म्हणजे आपण कोण कोण गेलं ते बघायला आलोय होय? घरची पाल दाखवली असतीस तर एवढी पायपीट तरी वाचली असती!"

लोक हसले. एकानं घड्याळ बघितलं. मावशींना कळेना. भाषण तर शब्दाला शब्द बरोबर चाललं होतं, मग माशी शिंकली कुठे? इतकी वर्षं मागून चालताना बेडूक दिसायचे, सरडा दिसायचा, पाणकोंबडीची पिल्लंसुद्धा दिसायची. त्यांना वाटायचं, पुढच्यांचं हे सगळं केव्हाच बघून झालंय. आपल्या वाट्याला उरलंसुरलं. म्हणून कधी त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

सवयीनं त्यांनी मागे नजर टाकली. वळणावर डॉक्टर काठीवर भार देऊन उभे होते. तोंड उघडं, आणि आवाज नाही. त्यांच्यापासून हातभर अंतरावर, बोरूतून पाणकोंबडी बाहेर आली होती, आणि तिच्यामागे काळ्या लोकरीचे गुंडे वाटावेत अशी पिल्लं.

मावशींच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पुढच्यांनी काही म्हणजे काहीच बघितलेलं नव्हतं!

"ब्रेक!" त्या ओरडल्या, पण कुजबुजत, असं ओरडणं त्यांनाच जमे. "सगळे जागच्या जागी. मान वळवा. पाय उचलला तर लायसन जप्त."

माना वळल्या. बराच वेळ काहीच झालं नाही. नणंदेनं तोंड उघडलं, तर मावशींनी नुसतं बोट वर केलं. मग पाण्यावर दोन डोळे आले. त्यांच्या शेजारी आणखी दोन. सरड्यानं फटीतून डोकं काढलं, अंदाज घेतला आणि उन्हात पसरला. लाल चतुर आला तो नेमका त्याच बोरूच्या त्याच टोकावर येऊन बसला, जणू रुमाल टाकून जागा धरली होती.

"आपण गेलो की यांचा बाजार भरतो," मावशी हळूच म्हणाल्या. "आपण दर रविवारी बंद दुकानं बघत होतो."

घड्याळवाल्यानं हात खिशात घातला.

पाणकोंबडी पिल्लांना घेऊन पलीकडे गेल्यावर डॉक्टर लंगडत पुढे आले. "इतकी वर्षं मी लोकांना ती लाजाळू आहे म्हणून सांगत आलो," ते म्हणाले.

"लाजाळू नाही हो. तुमचं बोलणं संपायची वाट बघत असते."

डॉक्टर मोठ्यानं हसले, आणि दोन बेडूक पुन्हा पाण्यात गेले. "फेऱ्या तुमच्या, मावशी. पण एक सांगा, तुम्ही मागून दाखवणार, मग पुढे कोण चालणार?"

"पुढे असं माणूस हवं, ज्याला कुणीही घाबरून पळेल," मावशी म्हणाल्या. त्यांनी नणंदेकडे वळून अदबीनं वाट दाखवली. "वन्सं, चला. चपला चांगल्या आपटत चला. तुम्ही गेलात की मग आम्ही बघतो."

"बघ हं वहिनी, घरी सांगेन!" असं म्हणत नणंद निघाली, आणि काय चालली! पंपघरापासून पुलापर्यंतचा अख्खा काठ डबुक डबुक करत रिकामा झाला. मावशी मागे सगळ्यांना घेऊन भिंतीला टेकल्या आणि वाट बघत राहिल्या.